गिअरबॉक्स आणि मागच्या ड्राइव्हच्या ऑइलमध्ये ॲडिटिव्ह: नव्या मोटारसायकलस्वारांसाठी मार्गदर्शक

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पहिली मोटारसायकल घेतलेल्या माणसाला वर्षा-दीड वर्षात एक सल्ला हमखास मिळतो: गिअर कडक पडत असेल, तर ऑइल बदलताना ही छोटी बाटलीही ओता, गाडी एकदम मऊ चालेल. असा सल्ला कधी सुट्या भागांचा दुकानदार देतो, कधी मिस्त्री, तर कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भेटलेला जुना स्वार. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण ते ऑइल गाडीच्या नेमक्या कोणत्या कप्प्यात जाणार आहे आणि त्या कप्प्यात गिअरखेरीज आणखी काय काय भिजत असते, हे क्वचितच कोणी विचारते. अशा बाटलीतले ॲडिटिव्ह, म्हणजे ऑइलमध्ये वरून मिसळायचा पदार्थ, घालावे की नाही, ह्याचा निर्णय मात्र सर्वस्वी ह्याच प्रश्नावर अवलंबून आहे. म्हणून ह्या लेखाची सुरुवात बाटलीपासून न करता गाडीपासून केली आहे.

पहिली पायरी: आपल्या गाडीतील कप्पे ओळखावेत

आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, पल्सर, अपाचे आणि हल्लीच्या सर्व रॉयल एनफिल्ड गाड्यांमध्ये, इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स ह्या तिघांना एकच ऑइल पुरवले जाते. ह्यातला क्लच 'ओला' असतो. त्याच्या फ्रिक्शन प्लेट आणि स्टीलच्या प्लेट ऑइलमध्ये बुडूनच एकमेकींना पकडतात, आणि इंजिनाची सगळी ताकद त्या पकडीतूनच चाकापर्यंत जाते. इथे ऑइलवर दोन परस्परविरोधी जबाबदाऱ्या येऊन पडतात: गिअरच्या दातांवरचे आणि पिस्टनवरचे घर्षण त्याने कमी करायचे असते, पण क्लच प्लेटमधले घर्षण मात्र टिकवून ठेवायचे असते. बटणस्टार्टच्या गाड्यांत स्टार्टरचा एकदिशा क्लचही बहुधा ह्याच ऑइलमध्ये फिरतो आणि तोसुद्धा घर्षणाच्या जोरावरच काम करतो. घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह अशा कप्प्यात ओतले, की ते गिअरवर काम करील आणि क्लचला सोडून देईल, अशी निवड करण्याची सोय त्याच्याकडे नसते. यामाहाच्या वाहन-पुस्तिकांत हीच गोष्ट सरळ लिहिलेली आढळते: इंजिन ऑइल क्लचलाही वंगण देते, रासायनिक ॲडिटिव्हमुळे क्लच घसरू शकतो, म्हणून ती घालू नयेत.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी ॲडिटिव्हचा विषय इथेच संपतो. तरीही पुढचा मजकूर त्यांनी जरूर वाचावा, कारण गिअर कडक पडण्याची खरी कारणे आणि योग्य ऑइलची निवड हा भाग त्यांच्याच उपयोगाचा आहे.

टू-स्ट्रोक गाड्यांच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. आरएक्स १००, जुनी येझदी किंवा जुनी चेतक स्कूटर ह्यांत इंजिनाचे वंगण पेट्रोलबरोबर जळून जाते आणि गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते, हे खरे आहे. त्यावरून गिअरबॉक्स स्वतंत्र आहे, म्हणजे त्यात काहीही घालता येईल, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु ह्या गाड्यांचा क्लच गिअरबॉक्सच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. जुन्या व्हेस्पा आणि त्यावर बेतलेल्या चेतकमध्ये तर जेमतेम पाव लिटर ऑइल असते आणि त्यात कॉर्क लावलेल्या क्लच प्लेट फिरत असतात. पाव लिटरात बाटलीभर ॲडिटिव्ह गेले, तर त्याचे प्रमाण किती वाढते, हे वेगळे सांगायला नको.

गिअरबॉक्स खऱ्या अर्थाने स्वतंत्र असलेल्या गाड्या थोड्या आहेत. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेनकेस (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या चेनचा कप्पा) आणि गिअरबॉक्स असे तीन वेगळे कप्पे असतात, आणि क्लच चेनकेसमध्ये असतो. मोटो गुझी आणि बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या) गाड्यांत कोरडा क्लच आणि वेगळा गिअरबॉक्स असतो. आर नाइनटी ह्या गाडीतही तशीच रचना होती. मात्र केवळ नावावर विसंबू नये. बीएमडब्ल्यूने २०१३ पासून आर १२०० जीएसमध्ये ओला क्लच आणला आणि गिअरबॉक्सलाही इंजिनाचेच ऑइल दिले, त्यामुळे एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या गाडीचे उत्तर वेगवेगळे येते.

राहिला मागचा ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत ताकद नेणारी यंत्रणा. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना चेन असते आणि चेनला ऑइलचा कप्पाच नसतो, त्यामुळे तिथे ॲडिटिव्हचा प्रश्न उद्भवत नाही. चेन स्वच्छ ठेवणे, तिला वंगण देणे आणि तिचा ताण पुस्तिकेप्रमाणे राखणे एवढेच करायचे असते. चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, असलेल्या गाड्यांत, जसे की बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर, मोटो गुझी, होंडा गोल्डविंग, ट्रायम्फ टायगर १२०० अशांत, मागच्या चाकाजवळच्या घरात, म्हणजे धातूच्या पेटीत, फिरण्याची दिशा काटकोनात वळवणाऱ्या बेव्हल गिअरची जोडी असते आणि तिचे ऑइल पूर्णपणे वेगळे असते. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्येही मागच्या चाकापाशी छोटी गिअरपेटी असते आणि तिच्यात साधारण १०० ते १४० मिलिलिटर ऑइल मावते. हे ऑइल वेगळे आहे आणि वेगळे बदलावे लागते, हेच अनेक स्कूटरमालकांना ठाऊक नसते.

दुसरी पायरी: बाटलीत काय आहे ते समजून घ्यावे

ॲडिटिव्ह हा एक पदार्थ नाही. बाजारात त्या नावाखाली निदान चार वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी मिळतात.

पहिली म्हणजे घन वंगणे: मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्राफाइट आणि पीटीएफई (टेफ्लॉन ह्या नावाने ओळखले जाणारे). त्यांतले मॉलिब्डेनम डायसल्फाइड सर्वांत अभ्यासलेले आणि गिअरसाठी सर्वांत उपयोगी आहे. त्याच्या कणांची रचना थरांची असते. मॉलिब्डेनमच्या प्रत्येक थराला दोन्ही बाजूंनी गंधकाचे थर असतात, आणि हे थर एकमेकांवरून सहज सरकतात. ऑइलचा पापुद्रा दाबाखाली तुटतो त्या क्षणी दातावर चिकटलेले हे थर धातूला धातूशी घासू देत नाहीत. मात्र हा पदार्थ जड आहे. त्याची घनता ऑइलच्या पाचपटीहून अधिक भरते. त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली, की तो तळाशी बसू लागतो. स्प्लेंडरसारख्या इंजिनांत तर ऑइलमधला गाळ वेगळा काढण्यासाठी गरगर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. त्याचे कामच जड कण बाहेर फेकण्याचे असल्यामुळे, पैसे मोजून ओतलेला तो काळा पदार्थ फिल्टरच्या आतल्या भिंतीवर जाऊन बसतो.

दुसरा गट अति-दाबाच्या रसायनांचा. चांगल्या गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे कारखान्यातच घातलेली असतात. दातांच्या संपर्कबिंदूवर तापमान वाढले, की ती लोखंडाशी संयोग पावून पातळ, झिजून जाणारा पण सतत नव्याने तयार होणारा थर बनवतात. ही रसायने पृष्ठभागावरच्या त्याच जागेसाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. म्हणून एखादे रसायन वरून जास्त घातले, तर संरक्षण वाढण्याऐवजी मूळचे संतुलन बिघडते. गंधकाची जास्त क्रियाशील संयुगे तांबे, पितळ आणि काशाला खातात, आणि जुन्या गिअरबॉक्समध्ये काशाचे बुश (शाफ्टला आधार देणारी नळकांडी) असतात, हे विसरून चालत नाही.

ह्याच गटात क्लोरिनयुक्त पॅराफिन येतात, आणि त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नवखा ग्राहक ह्यांच्याच प्रात्यक्षिकाला भुलतो. टेबलावर एक लहान यंत्र असते. मोटरवर लोखंडी कडे फिरत असते, त्याचा खालचा भाग ऑइलच्या वाटीत बुडालेला असतो, आणि एका दांड्याच्या टोकाशी बसवलेला स्टीलचा रोलर त्या कड्यावर दाबला जातो. साध्या ऑइलमध्ये दांड्याला थोडे वजन लावले, की कर्कश किंचाळी येते, मोटर थांबते आणि रोलरवर नखाएवढा ओरखडा दिसतो. मग वाटीत चार थेंब ॲडिटिव्ह टाकले जाते, दुप्पट-तिप्पट वजन लावले जाते आणि यंत्र शांतपणे फिरत राहते. ह्यात हातचलाखी नसते. क्लोरिन संयुगे अशा एकाच बिंदूवरच्या प्रचंड दाबात खरोखरच चटकन थर बनवतात. पण गिअरबॉक्समध्ये ऑइलला महिनोन्‌महिने राहायचे असते, बेअरिंग, सील आणि बुश ह्यांच्यासोबत नांदायचे असते, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पाण्याचा अंशही सोसायचा असतो. उष्णता आणि ओलावा मिळाला, की ह्या संयुगांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊ शकते, आणि ते बेअरिंगला गंजवते. त्या टेबलावरची दोन मिनिटे ह्यातले काहीच दाखवू शकत नाहीत.

तिसरा गट ऑइल दाट करणाऱ्या चिकट पदार्थांचा. त्यांनी आवाज दबतो, झीज भरून येत नाही. चौथा गट सील फुगवून गळती थांबवण्याचा दावा करणाऱ्या द्रवांचा. सील कडक झाले असेल, तर थोडे दिवस फरक पडतो, पण फाटलेले सील बदलावेच लागते.

दाव्यांच्या बाबतीत एक जुनी नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे. पीटीएफई असलेल्या 'स्लिक ५०' ह्या इंजिन ॲडिटिव्हच्या जाहिरातींमधले झीज कमी होण्याचे दावे सिद्ध करणारा पुरावा नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला होता, आणि १९९७ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला तसे दावे पुराव्याशिवाय करण्यास मनाई झाली. तेव्हा बाटलीवर झीज निम्म्याने कमी झाल्याचे लिहिलेले असले, तर ते कोणत्या चाचणीत, कोणत्या यंत्रात आणि कोणत्या ऑइलच्या तुलनेत, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

तिसरी पायरी: आधी दुखणे शोधावे

गिअर कडक पडणे, न्यूट्रल न लागणे, दुसऱ्या गिअरवरून गाडी मध्येच सुटणे, मागून घरघर येणे: ह्या तक्रारींपैकी फारच थोड्यांचे मूळ वंगणाच्या कमतरतेत असते. तीन हात नाक्यापासून घोडबंदर रस्त्याने कासारवडवलीपर्यंत, किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने महापेपर्यंत, रोज गर्दीच्या वेळी जाणाऱ्या गाडीचा क्लच एका फेरीत जितक्या वेळा दाबला जातो, तितका मोकळ्या महामार्गावर दिवसभरात दाबला जात नाही. म्हणून तपासणीची सुरुवात क्लचच्या केबलपासून करावी. लिव्हरच्या टोकाशी पुस्तिकेत सांगितलेली ढील असावी. ती बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर असते. ढील जास्त असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडत पडतो आणि सिग्नलला न्यूट्रल लागत नाही. ढील अजिबात नसेल, तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो आणि प्लेट जळतात. केबलच्या तारा टोकाशी उसवल्या असतील, तर केबल बदलावी.

त्यानंतर चेन पाहावी. फार ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर सतत भार टाकते. फार ढिली चेन गिअर बदलताना झटका देते, आणि तो झटका स्वाराला गिअरबॉक्समधला दोष वाटतो. मागच्या हबमधले डॅम्पर रबर चिरडले गेले असतील, तरी असाच झटका येतो.

मग ऑइलची पातळी आणि अवस्था. मोटारसायकल सपाट जागी सरळ उभी करून, पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने पातळी बघावी. काही गाड्यांत डिपस्टिक (पातळी मोजण्याची पट्टी) आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. ऑइलचा रंग काळा झाला, एवढ्यावरून काही ठरवू नये. ते दुधी किंवा पातळ चहासारखे दिसत असेल, तर मात्र त्यात पाणी शिरले आहे. पावसाळ्यात वंदना सिनेमासमोर किंवा एखाद्या भुयारी मार्गात चाकाच्या आसापर्यंतच्या पाण्यातून गाडी काढली, की तापलेली गिअरपेटी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्राच्या) किंवा सीलच्या वाटेने पाणी आत ओढले जाते. शाफ्टच्या मागच्या ड्राइव्हमध्ये आणि स्कूटरच्या गिअरपेटीत ऑइल मुळातच थोडे असल्याने तिथे हे जास्त बाधते. असे ऑइल ताबडतोब बदलण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

ऑइल काढताना ड्रेन बोल्टवर चुंबक असेल, तर ते पुसण्यापूर्वी नीट पाहावे. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर ते टेकवले, की करड्या रंगाचा, बोटांत चोळला तर गुळगुळीत लागणारा लेप दिसतो. तो नेहमीच्या झिजेचा असतो आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. त्या लेपात चमकणारे पापुद्रे, सुयांसारखे तुकडे किंवा बोटाला टोचणारे कण लागले, तर दाताचा किंवा बेअरिंगचा पृष्ठभाग तुटू लागला आहे. पिवळसर कण चुंबकाला चिकटत नाहीत. ते भांड्यातल्या ऑइलला उन्हात तिरपे धरल्यावर दिसतात आणि बुशकडे बोट दाखवतात. अशा गाडीत ॲडिटिव्ह घालणे म्हणजे दुरुस्ती लांबवून खर्च वाढवणे होय. गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

चौथी पायरी: योग्य ऑइल भरावे

बहुसंख्य वाचकांचे काम ह्या पायरीवरच पूर्ण होईल. मोटारसायकलीसाठी ऑइल घेताना डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात: पुस्तिकेत सांगितलेला दाटपणाचा अंक, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५०, आणि जासो ह्या जपानी मानकाची खूण. एमए, एमए१ आणि एमए२ ह्या खुणा ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी आहेत, आणि त्यांत एमए२ ची पकड सर्वांत जास्त असते. एमबी ही खूण कमी घर्षणाच्या ऑइलची आहे. कोरड्या क्लचच्या स्कूटरच्या इंजिनाला ती चालते, मोटारसायकलीला चालत नाही. हे ध्यानात घेतले, की एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते: एमए२ चे ऑइल विकत घेऊन त्यात घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह ओतणारा माणूस, ज्या गुणासाठी त्याने पैसे दिले तोच गुण स्वतःच्या हाताने नाहीसा करत असतो. मोटारीचे, इंधन-बचतीची खूण असलेले ऑइलही ह्याच कारणाने वर्ज्य आहे.

स्वतंत्र गिअरबॉक्स आणि शाफ्ट ड्राइव्हसाठी गिअर ऑइल लागते, आणि त्याचे अंक वेगळ्या मोजपट्टीवरचे असतात. गिअर ऑइलचा ९० हा अंक इंजिन ऑइलच्या ४० च्या दुप्पट दाट असा नसतो. प्रत्यक्षात ९० चे गिअर ऑइल इंजिनाच्या ४० ते ५० च्या आसपासच असते. दाटपणाइतकीच महत्त्वाची असते ती जीएल-४ किंवा जीएल-५ ही गिअर ऑइलची प्रत सांगणारी खूण. जीएल-५ मध्ये अति-दाबाच्या रसायनांचे प्रमाण जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असते, आणि ते मागच्या ड्राइव्हमधल्या हायपॉइड गिअरच्या (ज्यांचे आस एकमेकांना छेदत नाहीत अशा बेव्हलसारख्या गिअरच्या) दातांवर होणाऱ्या घासटीसाठी आखलेले असते. काशाच्या बुशांच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये, उदाहरणार्थ जुन्या बुलेटमध्ये, जीएल-४ घेणे सुरक्षित. स्कूटरच्या गिअरपेटीत कोणते ऑइल घालायचे, ते कंपनीनुसार बदलते. काही कंपन्या तिथे इंजिन ऑइलच सांगतात, म्हणून पुस्तिका उघडूनच ठरवावे. एवढ्याशा ऑइलचा खर्च इतका कमी असतो, की तिथे ॲडिटिव्ह घालण्यापेक्षा ते वेळेवर बदलणे केव्हाही स्वस्त पडते.

पाचवी पायरी: जिथे चालते तिथे ॲडिटिव्ह घालण्याची रीत

आता उरले कोरड्या क्लचचे स्वतंत्र गिअरबॉक्स आणि शाफ्टचे मागचे ड्राइव्ह. इथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा उपयोग ऐकीव नाही. मोटो गुझीच्या जुन्या पुस्तिकांत मागच्या ड्राइव्हसाठी २५० मिलिलिटर भरण सांगितलेले आढळते, आणि त्यात २३० मिलिलिटर गिअर ऑइल व २० मिलिलिटर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ॲडिटिव्ह असे प्रमाण दिलेले असते. म्हणजे एकूण भरणाच्या ८ टक्के. निर्मात्याने स्वतः, विशिष्ट गिअरसाठी, मोजून दिलेले प्रमाण कसे असते, ते ह्यावरून समजते. ॲडिटिव्ह ऑइलच्या वर न घालता ऑइलचा तेवढा भाग कमी करून घातले आहे, हेही पाहावे. जिथे निर्माता असे काही सांगत नाही, तिथे न घालणेच माझ्या मते योग्य. गाडी वॉरंटीत असेल, तर ह्याविषयी दुसरा विचारच करू नये. वॉरंटी संपलेल्या गाडीच्या मालकाला घालायचेच असेल, तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडखेरीज दुसरे काही घालू नये आणि बाटलीवरच्या प्रमाणाच्या वर एक थेंबही जाऊ नये.

घालण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. स्वच्छ काचेच्या बाटलीत जे गिअर ऑइल भरायचे तेच थोडे घ्यावे, त्यात ठरलेल्या प्रमाणात ॲडिटिव्ह मिसळावे, चांगले हलवावे आणि बाटली आठवडाभर कपाटात न हलवता ठेवून मग पाहावी. वरचा भाग स्वच्छ होऊन तळाशी काळी साय बसली आणि बाटली उलटी केल्यावर ती तशीच चिकटून राहिली, तर ते मिश्रण आपल्या गाडीत घालू नये. गाठी धरल्या किंवा फेस टिकून राहिला, तरीही घालू नये. थोडी बैठक होऊन बाटली एकदा हलवताच मिश्रण पुन्हा एकजीव झाले, तर हरकत नाही.

काम करण्याच्या दिवशी गाडी आधी अर्धा तास चालवून आणावी. मागचा ड्राइव्ह इंजिनाइतका लवकर तापत नाही, आणि थंड ऑइल गाळ सोबत घेऊन बाहेर येत नाही. गाडी सपाट जागी सरळ उभी करावी. सोसायटीच्या उतारावर किंवा बाजूच्या स्टँडवर उभ्या गाडीत पातळी चुकते. भरण्याचा बोल्ट आधी सैल करून बघावा आणि मगच खालचा ड्रेन बोल्ट काढावा. वरचा बोल्ट अडकून बसला आणि खालून ऑइल काढून झाले, तर गाडी जागेवरच अडकते. बोल्ट हाती आल्यावर चुंबक आधी सांगितल्याप्रमाणे तपासावे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदाच दाबला जाण्यासाठी असतो, तो नवाच घालावा. बोल्ट ज्यात बसतो ते ड्राइव्हचे घर ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे लांब पाना लावून जोर केला, तर आटे जातात. पुस्तिकेतल्या अंकावर टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लावून आवळणे हाच खात्रीचा मार्ग.

मिश्रण बाहेरच तयार करावे. औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज मोजण्यासाठी उत्तम. ॲडिटिव्हची बाटली तळापर्यंत एकजीव होईतो हलवावी, मोजलेल्या ऑइलमध्ये मोजलेले ॲडिटिव्ह मिसळावे आणि पातळीच्या भोकाशी ऑइल येईपर्यंत सावकाश भरावे. पातळीच्या वर भरले, तर ऑइल घुसळून फेसाळते, तापते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येते. मागच्या ड्राइव्हमधून बाहेर आलेले ऑइल चाकावर आणि ब्रेकवर जाते, आणि तो धोका गिअरच्या झिजेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

शाफ्टच्या गाडीवर मॉलिब्डेनमची सर्वांत योग्य जागा खरे तर ऑइलच्या कप्प्याबाहेर आहे. शाफ्ट आणि ड्राइव्ह जिथे दातेरी जोडाने एकमेकांत बसतात, तिथे कप्प्यातले ऑइल अनेक गाड्यांत पोहोचत नाही, आणि तो जोड कोरडा राहून झिजतो. होंडासारखे निर्माते तिथे मॉलिब्डेनमचे प्रमाण जास्त असलेली पेस्ट लावायला सांगतात. मागचा टायर बदलताना चाक निघतेच. त्या वेळी मिस्त्रीला आठवणीने जोड पुसून पेस्ट लावायला सांगावे. पावसाळा संपल्यावर हे काम झाले, तर फारच चांगले.

सहावी पायरी: नंतर काय पाहावे

ॲडिटिव्ह घातल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पातळी, सील आणि चाकाची आतली बाजू बघावी. बॉक्सरच्या किंवा गुझीच्या गिअरबॉक्सचे पुढचे सील गळू लागले, तर ऑइल कोरड्या क्लचवर जाते, आणि तिथे ॲडिटिव्ह असलेले ऑइल प्लेट कायमची खराब करते. तारीख, किलोमीटर, ऑइलचे नाव आणि प्रमाण ह्यांची नोंद सर्व्हिस पुस्तिकेत करून ठेवावी, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला काळे ऑइल पाहून चुकीचा अंदाज बांधावा लागत नाही.

ओल्या क्लचच्या गाडीत कोणी आधीच ॲडिटिव्ह ओतले असेल, तर क्लच तपासावा. मागे वाहन नसताना, उड्डाणपुलाच्या चढावर, वरच्या गिअरमध्ये ४० च्या आसपास वेगाने जाताना ॲक्सिलरेटर भरकन पूर्ण उघडावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच घसरत आहे. अशा वेळी आधी केबलची ढील तपासावी, मग ऑइल आणि फिल्टर बदलून एमए२ चे ऑइल भरावे, थोडे दिवस चालवून ते पुन्हा बदलावे. दुसऱ्या बदलानंतरही घसरण थांबली नाही, तर फ्रिक्शन प्लेटमध्ये ते शोषले गेले आहे आणि प्लेट बदलाव्या लागतील. स्टीलच्या प्लेट निळ्या पडल्या असतील, तर त्याही सोबत बदलाव्यात.

काढलेले ऑइल झाकणाच्या डब्यात भरावे आणि वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणाऱ्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्यावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. पार्किंगमधल्या गटारात ओतलेले ऑइल नाल्यावाटे ठाणे खाडीत जाते, आणि ज्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात, ज्या खाडीतील अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, त्याच चिखलात ते जाऊन बसते. डब्यावर 'ॲडिटिव्ह मिसळलेले गिअर ऑइल' असे लिहून तो घेणाऱ्याच्या हाती द्यावा, आणि त्यात ब्रेक फ्लुइड किंवा पेट्रोल मिसळू नये.